मोठ्या किराणा कंपनीचा कारभारी आणि त्याचे वेतन

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा कडधान्यांचे भाव, बाजार समितीचा सेस किंवा बारदानाची टंचाई यांपैकी एखादा विषय त्यांच्या मनात असावा. ते विषय सभासद बंधूंस आमच्याइतकेच ठाऊक आहेत. म्हणून आम्ही थोडा दूरचा विषय हाती घेतला आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या किराणा-भुसाराच्या धंद्यावर आपण पोट भरीत आलो, तोच धंदा आज जगात काही प्रचंड मर्यादित कंपन्या करीत आहेत. त्यांचे भाग शेअरबाजारात विकले जातात, मालक लाखो असतात आणि गादीवर बसणारा मनुष्य पगारदार असतो. त्यास काय मिळते, ते कोण ठरवितो व कोणत्या हिशेबाने ठरवितो, हे समजावून देण्याचा प्रस्तुत लेखात यत्न केला आहे.

विषय दूरचा खरा, तथापि परका नव्हे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आज कोणत्या ना कोणत्या कंपनीचे भाग आहेत. त्या नात्याने आपणही कोणा कारभाऱ्याचे शेठ आहोत, मग आपणास त्याचे नाव ठाऊक असो वा नसो. काही सभासद अशा साखळी दुकानांस माल पुरवितात. आणि काहींच्या चिरंजीवांनी जुन्या भागीदारी पेढीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करून घेतली असून, संचालक म्हणून आपण किती पगार घ्यावा हा प्रश्न त्या घरांत दरवर्षी निघतो. तो नेहमीच गोडीने सुटतो असे नाही.

आपल्या जुन्या पेढ्यांवर मुनिमाचे वेतन ठरविण्याची रीत साधी होती. सालाचा पगार ठरलेला असे. शिवाय मुनीम भरवशाचा असेल तर नफ्यात रुपयामागे आणा-दोन आणे. दिवाळीला वह्यांचा मेळ बसला, नफा निघाला, की त्याचा हिस्सा त्याच्या खात्यावर जमा होई. तोटा आला तर पगार तेवढा. शेठ आणि मुनीम एकाच गादीवर बसत. मुनिमाने दिवसभर काय केले हे शेठास दिसे आणि शेठ किती उचल करितो हे मुनिमास दिसे. मोठ्या कंपनीत लाखो मालकांपैकी एकही गादीजवळ बसत नाही. पुढे जे सांगावयाचे आहे, त्यातील बराचसा भाग या एका उणिवेतून उत्पन्न झालेला आहे.

उदाहरणादाखल अमेरिकेतील क्रोगर कंपनी घेऊ. ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात १८८३ साली बार्नी क्रोगर या तरुणाने ३७२ डॉलरच्या शिलकीवर एका भागीदारासह किराणा दुकान काढले. त्याच दुकानाची पुढे सुमारे २,७०० दुकाने झाली. २०२० या हिशेबी वर्षात कंपनीची विक्री सुमारे १३,२५० कोटी डॉलर होती व निव्वळ नफा सुमारे २५९ कोटी डॉलर. म्हणजे शंभर डॉलरच्या विक्रीमागे पुरते दोन डॉलरही उरले नाहीत. कसर इतकी बारीक, की घाऊक भुसारातल्या माणसास ती ओळखीची वाटावी. उलाढाल मात्र अशी की तिच्यापुढे आपली संपूर्ण बाजारपेठ म्हणजे समुद्रातील पसाभर पाणी.

या कंपनीचे त्या वेळचे मुख्य कारभारी रॉडनी मॅकमुलन. हे गृहस्थ बाहेरून आणलेले नव्हते. १९७८ साली, विद्यार्थिदशेत, केंटकी राज्यातील लेक्झिंग्टन येथील दुकानात फळ्यांवर माल लावणारे अर्धवेळ नोकर म्हणून ते लागले आणि २०१४ साली मुख्य कारभारी झाले. २०२० सालचे त्यांचे एकूण वेतन कंपनीने सुमारे २ कोटी २४ लाख डॉलर दाखविले. त्याच पत्रकात कंपनीतील मध्यस्थानीय नोकराचे वार्षिक वेतन २४,६१७ डॉलर दाखविले होते. मध्यस्थानीय म्हणजे सर्व नोकर पगाराच्या चढत्या क्रमाने एका रांगेत उभे केले असता जो बरोबर मध्ये येईल तो. सरासरी आणि हा आकडा एक नव्हेत. सरासरीत वरच्या दोन-चार मोठ्या पगारांमुळे खालच्यांचे चित्र उगाच उजळ दिसते. या दोन रकमांचे प्रमाण पडले ९०९ पट.

हा आकडा बाहेर आला तो कायद्यामुळे. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर अमेरिकेने २०१० साली डॉड-फ्रँक नावाचा कायदा केला. कारभाऱ्याचे वेतन मध्यस्थानीय नोकराच्या किती पट आहे हे प्रत्येक नोंदलेल्या कंपनीने छापावे, असे त्यात कलम आहे. प्रत्यक्षात हे प्रमाण २०१८ पासून छापले जाऊ लागले.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. किराणा दुकानांत अर्धवेळ नोकर फार असतात, आणि नियमाप्रमाणे अर्धवेळ नोकराचे वेतन पूर्णवेळाच्या मापाने वाढवून धरता येत नाही. त्यामुळे जेथे सारे पूर्णवेळ अभियंते आहेत अशा कंपनीपेक्षा किराणा कंपनीचे प्रमाण मोठेच दिसणार. वर्षावर्षातही फरक पडतो. २०२१ साली क्रोगरचे हेच प्रमाण ६७९ पट व २०२२ साली ६७१ पट होते.

आता या दोन कोटी चोवीस लाखांत काय काय असते ते पाहू. निश्चित पगार त्यातील दहाव्या हिश्शाहूनही कमी. दुसरा भाग वर्षअखेरच्या बक्षिसाचा, जो विक्री व नफ्याच्या ठरविलेल्या उद्दिष्टांवर अवलंबून असतो. उरलेला सर्वांत मोठा भाग रोख नसतोच. तो कंपनीच्या भागांच्या रूपाने असतो. काही भाग ठराविक वर्षे नोकरीत राहिल्यावर हाती येतात, काही तीन वर्षांची उद्दिष्टे साधली तर येतात, आणि काही बाबतीत भाग न देता ते ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क तेवढा दिलेला असतो.

हा शेवटचा प्रकार आपल्या मंडळींस समजावून देण्यास फारसे शब्द खर्चावे लागू नयेत. वायदेबाजार जोरात होता त्या काळी आपल्या वडीलधाऱ्यांस 'तेजी लावणे' चांगले ठाऊक होते. ठराविक मुदतीत ठराविक भावाने माल घेण्याचा हक्क, बंधन मात्र नाही. त्यासाठी आगाऊ नजराणा द्यावा लागे. भाव चढला तर हक्क बजवावा, न चढला तर नजराणा बुडाला. मालावरील असे तेजी-मंदीचे सौदे १९५२ च्या वायदे करार नियमन कायद्याने बेकायदा ठरविले. कंपनीच्या कारभाऱ्यास भाग घेण्याचा जो हक्क मिळतो तो म्हणजे ही तेजीच होय; फरक इतकाच, की तिचा नजराणा मालक सोसतात.

ही योजना मुळात वाईट बुद्धीने काढलेली नव्हती. कारभाऱ्याचे हित मालकांच्या हिताशी बांधले जावे, भाव वाढला तर दोघांचे भले व्हावे, असा तिचा उद्देश. परंतु भागाचा भाव वाढविण्याचे मार्ग दोन आहेत. धंदा सुधारावा हा एक. दुसरा असा, की कंपनीच्या पैशाने कंपनीचेच भाग बाजारातून विकत घ्यावेत. भागांची संख्या घटते आणि तेवढ्याच नफ्यात उरलेल्या प्रत्येक भागाच्या वाट्यास अधिक येते. क्रोगरने २०२० साली अशा खरेदीवर सुमारे १३० कोटी डॉलर खर्च केले.

हे साल महामारीचे होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. जग घरात बसलेले असता दुकानांतील नोकर कामावर येत होते. कंपनीने मार्च २०२० च्या अखेरीस त्यांस तासामागे दोन डॉलरची वाढ दिली आणि मे महिन्याच्या मध्यास ती बंद केली. त्यानंतर पूर्णवेळ नोकरास ४०० व अर्धवेळास २०० डॉलर एकवार दिले. पुढे २०२१ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील लाँग बीच शहराने मोठ्या किराणा दुकानांनी काही काळ तासाला चार डॉलर अधिक द्यावेत असा नियम केला, तेव्हा कंपनीने त्या शहरातील आपली दोन दुकाने बंद करण्याचे जाहीर केले. ती दुकाने आधीपासूनच मागे पडलेली होती, हे कंपनीचे म्हणणे. जानेवारी २०२२ मध्ये कोलोरॅडो राज्यात कंपनीच्या किंग सूपर्स दुकानांतील आठ हजारांवर नोकर सुमारे दहा दिवस संपावर गेले. त्याच सुमारास कामगार संघटनांनी करविलेल्या एका पाहणीत तीन चतुर्थांशांहून अधिक नोकरांनी पुरेशा अन्नाची भ्रांत असल्याचे सांगितले. पाहणी संघटनांची, म्हणून थोडी कसर धरावी. तरी अन्न विकणाऱ्या हातांस अन्नाची भ्रांत पडावी, हे वाचून आम्हांस आपल्या हमालांची व तोलाऱ्यांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

अशा वेळी सामान्यतः म्हटले जाते, की कारभाऱ्याने इतके नेले म्हणून नोकरांस कमी मिळाले. व्यापाऱ्याने आधी भागाकार करावा. त्या वर्षी कंपनीत सुमारे ४ लाख ६५ हजार नोकर होते. मॅकमुलन यांचे सारेच्या सारे वेतन त्यांच्यात वाटले असते, तर माणशी वर्षास सुमारे ४८ डॉलर आले असते. आठवड्यास एक डॉलरही नाही. भागखरेदीचे १३० कोटी वाटले असते तर माणशी सुमारे २,८०० डॉलर. यावरून आमच्या मते एवढे दिसते, की कारभाऱ्याचे वेतन ही रक्कम म्हणून कंपनीस जड नसते. जड असते ते त्या वेतनाने कारभाऱ्याचे तोंड कोणत्या दिशेस वळविले ते. वेतनाचा मोठा हिस्सा भागाच्या भावावर ठेवला, तर एकशे तीस कोटींचे काय करावयाचे हे ठरविताना त्याची नजर कोठे जाईल?

मॅकमुलन यांची कारकीर्द मार्च २०२५ मध्ये अकस्मात संपली. त्यांच्या वैयक्तिक वर्तनाची चौकशी झाली, ते वर्तन धंद्याशी निगडित नसले तरी कंपनीच्या नीतिनियमांस धरून नाही असे मंडळाने ठरविले, आणि त्यांनी राजीनामा दिला. जे भाग अद्याप पदरात पडावयाचे होते ते व त्या वर्षाचे बक्षीस त्यांस गमवावे लागले. भागांच्या रूपाने दिलेल्या वेतनाचा हा एक गुण मान्य केला पाहिजे. दिलेला रोख पगार असा रोखून धरता येत नाही.

वेतन ठरवितो कोण? संचालक मंडळाची एक वेतन समिती असते. ती सल्लागार नेमते. सल्लागार तोलामोलाच्या कंपन्यांची यादी करितो आणि तेथील कारभाऱ्यांस काय मिळते ते मांडतो. आमचा मनुष्य मधल्या दर्जाचा आहे असे कोणती समिती म्हणेल? प्रत्येक समिती आपल्या माणसास यादीच्या मध्याहून थोडे वर ठेविते, आणि पुढच्या वर्षी यादीचा मध्यच वर सरकतो. यात लबाडी कोणाचीच नसते, तरी भाव चढतच राहतो. दलालांनी एकमेकांचे तोंड पाहून बोली वाढवावी तसे.

पण यादीतच फेरफार केला तर काय होते, याचा नमुना इंग्लंडमधील टेस्को कंपनीने दाखविला. जॅक कोहेन यांनी १९१९ साली लंडनच्या हॅकनी भागात मांडलेल्या गाड्यापासून उभी राहिलेली ही कंपनी आज त्या देशातील सर्वांत मोठी किराणा कंपनी आहे. तिचे कारभारी डेव्ह लुईस यांच्या दीर्घ मुदतीच्या बक्षिसाची अट अशी होती, की भागधारकांस मिळालेला एकूण लाभ इतर स्पर्धक कंपन्यांच्या तुलनेत चांगला असावा. स्पर्धकांत ओकाडो ही घरपोच किराणा पोहोचविणारी कंपनी होती व तिचा भाव भलताच चढला. तेव्हा वेतन समितीने, ओकाडो आता यंत्रतंत्राची कंपनी झाली आहे असे म्हणून तिचे नाव यादीतून काढले. मागे पडलेली टेस्को त्यासरशी पुढे दिसू लागली, आणि लुईस यांचे बक्षीस सुमारे १६ लाख पौंडांनी वाढले. माप घेऊन झाल्यावर तराजूतले वजन बदलण्याचा हा प्रकार आपल्या पेठेत कोणी केला असता, तर त्यास काय म्हटले असते ते लिहिण्याची गरज नाही. २०२० च्या जून महिन्यातील वार्षिक सभेत सुमारे ६७ टक्के मते वेतन अहवालाच्या विरुद्ध पडली. असा ठराव सल्ल्याच्या स्वरूपाचा असतो. तो नापास झाला तरी दिलेले वेतन परत घेण्याचे बंधन कंपनीवर येत नाही. टेस्कोच्या पुढील कारभाऱ्याचे, केन मर्फी यांचे, २०२३-२४ चे वेतन सुमारे ९९ लाख पौंड होते, आदल्या वर्षाच्या दुपटीहून अधिक.

माल पुरविणाऱ्यांनी टेस्कोचे आणखी एक प्रकरण जाणून घ्यावे. इंग्लंडात किराणा मालाच्या पुरवठ्यावर देखरेख करणारा एक सरकारी अधिकारी असतो. त्याच्या कार्यालयाने जानेवारी २०१६ मध्ये असा निर्णय दिला, की टेस्कोने आपली आर्थिक स्थिती चांगली दिसावी म्हणून पुरवठादारांचे देणे जाणूनबुजून लांबविले. वरपासून खालपर्यंत उद्दिष्टांची उतरंड असते. वरच्यास नफ्याचे उद्दिष्ट, मधल्यास कसरीचे, आणि खरेदी करणाऱ्या तरुण अधिकाऱ्यास अमुक तारखेपर्यंत पैसे न देण्याचे. उतरंडीचे शेवटचे मडके आपल्या दारात येऊन फुटते. आमच्या परिचयातील एका पेढीने एका साखळी दुकानास तूरडाळ दिली, मुदत तीस दिवसांची बोलली गेली आणि पैसे सत्तराव्या दिवशी आले, तेही वटाव कापून. विचारले असता उत्तर मिळाले, की वरून आदेश आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांस पंचेचाळीस दिवसांत पैसे देण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातले आहे. पण २०२१ साली घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांस त्या नोंदणीत घेतले ते केवळ बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरते. पंचेचाळीस दिवसांचे ते संरक्षण आपणास नाही, हे पुष्कळांस अजून ठाऊक नसते.

आपल्या देशाचा कायदा निराळ्या वाटेने गेला आहे. १९५६ च्या कंपनी कायद्याने कारभाऱ्यांच्या एकंदर वेतनास निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांची मर्यादा घातली. मॅनेजिंग एजंट मंडळी कंपन्या धुऊन नेत, त्या अनुभवातून ती आली. ती पद्धत १९७० साली बंद झाली, मर्यादा राहिली. २०१३ च्या कायद्यातही ती आहे, आणि एकट्या व्यवस्थापकीय संचालकास ५ टक्के. पूर्वी तीहून अधिक देण्यास केंद्र सरकारची संमती लागे. आता भागधारकांचा विशेष ठराव पुरतो. मात्र टक्क्यांची ही मर्यादा लहान कंपनीस करकचून बसते आणि मोठीस तिची जाणीवही होत नाही. डी-मार्ट दुकाने चालविणाऱ्या ॲव्हेन्यू सुपरमार्ट्सचा २०२३-२४ चा निव्वळ नफा अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक होता. ढोबळ हिशेबाने त्याचे पाच टक्के सव्वाशे कोटी. क्रोगरच्या २०२० च्या नफ्यास हाच नियम लावला, तर मर्यादा जवळजवळ तेरा कोटी डॉलर येते. मॅकमुलन यांनी तिचा पाचवा हिस्साही घेतला नव्हता. प्रायव्हेट कंपनीस ही मर्यादा लागूच नाही. तेथे आयकर अधिकारी तेवढे नातलगांस दिलेले अवाजवी वेतन खर्चात धरण्यास हरकत घेऊ शकतात.

डी-मार्टचे उदाहरण आणखी एका कारणाने बोधप्रद आहे. राधाकिशन दमाणी यांनी २००२ साली मुंबईच्या पवई भागात पहिले दुकान काढले. नेव्हिल नोरोन्हा २००४ साली तेथे आले व २००७ पासून दीर्घकाळ मुख्य कारभारी राहिले. मार्च २०१७ मध्ये २९९ रुपयांस विकलेला भाग बाजारात पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर उघडला आणि कंपनीचे मूल्य चाळीस हजार कोटींच्या घरात गेले. नोरोन्हा यांच्याजवळ सुमारे दोन टक्के भाग होते; गुणाकार वाचकांनी करावा. ही संपत्ती पगाराच्या पत्रकात व पटींच्या प्रमाणात कोठेच दिसत नाही. तरी तिच्याविषयी आम्हांस तक्रार नाही. दुकाने थोडी असताना घेतलेला व वर्षानुवर्षे जवळ ठेवलेला हिस्सा हा मुनिमाच्या आण्याच्याच जातीचा, कारण भाव उतरला तर त्याचेही घटते. दरसाल नव्याने मिळणाऱ्या फुकटच्या तेजीशी त्याची गल्लत करू नये.

पगारावर आपणहून मर्यादा घालून घेणारी एक कंपनीही अमेरिकेत होऊन गेली. टेक्सासमधील ऑस्टिन येथे १९८० साली निघालेल्या होल फूड्सने असा नियम केला होता, की सरासरी नोकराच्या ठराविक पटीहून अधिक रोख वेतन कोणीही घेऊ नये. ही पट २००६ साली चौदावरून एकोणीसवर नेली, कारण चांगली माणसे इतरत्र जाऊ लागली होती. शिवाय कोणाही नोकरास दुसऱ्याचे वेतन पाहण्याची मुभा होती, अगदी एका गादीवर बसल्यासारखी. संस्थापक जॉन मॅकी यांनी २००७ पासून आपला पगार एक डॉलर केला. भागांच्या हक्कास मात्र ही पट लागू नव्हती, आणि २०१७ साली ॲमेझॉनने सुमारे १,३७० कोटी डॉलरला ती कंपनीच विकत घेतली.

आता सभासदांच्या हाती काय आहे, ते सांगतो. आपल्याकडील प्रत्येक नोंदलेल्या कंपनीच्या वार्षिक अहवालात संचालकांच्या अहवालास एक परिशिष्ट जोडलेले असते. त्यात प्रत्येक संचालकाचे वेतन मध्यस्थानीय नोकराच्या किती पट आहे हे छापणे सक्तीचे आहे. शिवाय त्या वर्षी संचालकांचे किती टक्क्यांनी वाढले व मध्यस्थानीय नोकराचे किती, तेही. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत. कारभारी प्रवर्तकांच्या घरचाच असेल आणि त्याचे वेतन पाच कोटी रुपये वा नफ्याचे अडीच टक्के यांपैकी जे अधिक त्याहून वर जात असेल, तर सेबीच्या नियमाने भागधारकांचा विशेष ठराव लागतो. म्हणजे विरुद्ध मतांच्या निदान तिप्पट मते बाजूने हवीत. सभेची सूचना आता टपालाने क्वचितच येते, ती चिरंजीवांच्या मोबाईलवरील ई-मेलात येऊन पडते, तेव्हा ती त्यांच्याकडून मागून घ्यावी. ठरावांची माहिती सूचनेच्या अखेरीस जोडलेल्या खुलाशात असते. सभेस जाण्याची आवश्यकता नाही. घरबसल्या मत देण्याची सोय निदान तीन दिवस खुली असते आणि सभेच्या आदल्या दिवशी सायंकाळी पाच वाजता बंद होते.